चतुःसीमा विचारणारी सायराबाई

सायराबाईंच्या शोकसभेत मी मागच्या रांगेत बसलो होतो. पुढे एकेक जण उठत होता आणि बाई किती शांत होत्या, किती मनमिळाऊ होत्या, सगळ्यांना कसं सांभाळून घ्यायच्या हे सांगत होता. त्यातल्या दोघांनी त्यांचं टेबल कचेरीच्या आवारातून उचलावं म्हणून अर्जावर सह्या केल्या होत्या. तिसरा, ज्याच्याशी बाई शेवटपर्यंत भांडल्या, त्या प्लॉट पाडणाऱ्या लेआऊटवाल्याचा भाचा होता. त्यानं तर रुमाल काढून डोळे पुसले. मी उठून बाहेर आलो. मेलेल्या माणसाची एवढी खोटी स्तुती मी आजवर ऐकली नव्हती. सायराबाई शांत नव्हत्या. मी त्यांना सोळा वर्षं ओळखत होतो आणि त्या एकही दिवस शांत नव्हत्या. चिडायचं कारण रोज समोर येऊन बसत होतं, आणि त्या चिडत होत्या.

तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेलं एक गाव, एवढं पुरे. तिथे जमिनीचे दस्त नोंदवायची कचेरी आहे आणि तिच्या आवारात कडुनिंबाखाली सायराबाईंचं टेबल असायचं. त्यांचे यजमान दस्तलेखक होते. ते वारल्यावर बाईंनी चाळिशीत परवाना स्वतःच्या नावावर काढला. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेकरार, हरकतीचा अर्ज, काहीही असो, त्या आधी हातानं लिहायच्या, मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि मगच टाईपला द्यायच्या. "ज्याले आइकू येते त्यालेच सही करता येते," असं म्हणायच्या. आमच्याकडे बायाही 'मी लिहतो, मी जातो' असंच बोलतात. सायराबाईही तशाच बोलायच्या.

सातबारा हातात आला की लोक वरचं मालकाचं नाव वाचतात. त्या आधी 'इतर हक्क' हा रकाना वाचायच्या. "मालक कोन हाय ते तर तो सोताच सांगून राह्यला. जे लपवून राह्यला ते इथी असते." वाचताना उकडलेले शिंगाडे खायच्या आणि सालं एका जुन्या लिफाफ्यात टाकायच्या. शिंगाडे चिचटोलीच्या तलावातले. चिचटोली म्हणजे मी जिथे मास्तर आहे त्या शाळेचं गाव, तालुक्यापासून पाच-सहा किलोमीटरवर.

गेल्या दहा वर्षांत आमच्या भागात जमीन घेणाऱ्यांचं पीक आलं. रस्ता रुंद झाला, खाणींच्या बातम्या आल्या, आणि ज्याच्या हातात नोकरी आहे तो प्लॉटचं बोलू लागला. मास्तर, कंपाउंडर, पोलीस, बँकेतले, सगळे. मोबाईलवर कुणीतरी चकचकीत माणूस सांगायचा की तिशीत पहिली प्रॉपर्टी घ्या, भाड्यावर जगा. ही माणसं मग सायराबाईंच्या टेबलाशी यायची. प्रश्न ठरलेले असायचे. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील. भाडं किती सुटेल. रिस्क नाही ना. भाडेकरू निघालाच नाही तर काय. बाईंच्या कपाळावर आठी चढायची.

"तुमी सगळे मले येच विचारता का तुमचं काय होईल," त्या म्हणायच्या. "आज त्या जमिनीवर कोन हाय, हे एक जन नाई विचारत."

एकदा एक तरुण इंजिनिअर आला. मुलचेऱ्याकडे त्याला फार स्वस्तात शेत मिळत होतं. बाईंनी कागद पाहिला. ती जमीन तिथे वसवलेल्या बंगाली कुटुंबाला सरकारनं दिलेली होती, वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी. दलालानं त्याला सुचवलं होतं की आता नुसता करारनामा करा, ताबा घ्या, खरेदी पुढे पाहू.

"स्वस्त काऊन हाय, विचारलं का?"

"त्यांना गरज आहे म्हणे."

"मंग त्याईच्या गरजेत घर बांधशील तू?" बाईंनी कागद त्याच्या हातात परत दिला. "मी नाई लिहत. दुसरा कोनी लिहील तर त्याचं नाव मले येऊन सांग."

समोरच्या टेबलावरच्यानं लिहिलं. इंजिनिअर नाव सांगायला आला नाही. बाई दोन दिवस त्या समोरच्या दस्तलेखकाशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी इतकं बोलल्या की तो टेबल सोडून चहाला गेला.

देविदासचा किस्सा तर मी डोळ्यांनी पाहिला. देविदास बँकेतून निवृत्त झालेला. घरामागे त्यानं चार खोल्या बांधल्या आणि भाडेकराराचा नमुना करून घ्यायला आला. अकरा महिने, आगाऊ नोटीस, विजेचं बिल वेगळं, सगळं सांगून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, "आनखी एक टाका बाई. तुमच्या लोकाईले देनार नाई. आन खालच्या जातीचेही नको. तुमी वेगळ्या हो, तुमचं मनावर नका घेऊ."

सायराबाईंनी मान वर केली नाही. लिहीत राहिल्या. मग नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं: "मी, खाली सही करणार, मुसलमान व खालच्या जातीच्या माणसास खोली देणार नाही." आवारातली सगळी माणसं वळून पाहू लागली. बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि पेन दिला. "तुमचंच बोलनं लिहलं. करा सही."

देविदास कागद खिशात कोंबून निघून गेला. मला तेव्हा हसू आलं होतं. बाईंना आलं नाही. त्यांनी शिंगाडे बाजूला सारले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पुढे त्याच देविदासच्या खोलीत शेफाली मंडल नावाची नर्स राहायला आली, मुलचेऱ्याकडचीच. सहा महिन्यांनी त्याला ती खोली पुतण्यासाठी हवी झाली. करार संपायला पाच महिने होते. त्यानं आधी तिचं पाणी बंद केलं, मग वीज, आणि एक दिवस ती ड्यूटीवर असताना दाराला आपलं कुलूप लावलं. मुलगी रडत बाईंकडे आली. बाईंनी टेबलावर कापड टाकलं, करार घेतला आणि तिच्यासोबत पायी निघाल्या. देविदासच्या ओट्यावर बसून त्यांनी करार पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. शेजारी जमले. वाचून संपला की पुन्हा पहिल्यापासून. देविदास आतून म्हणाला, "घर माह्यं हाय."

"घर तुह्यं हाय. खोली अकरा महिने तिची हाय. येच तर तू विकलं," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यानं वाचू का पोलिसाले बलावू?"

कुलूप निघालं. शेफाली करार संपेपर्यंत तिथे राहिली.

आता चिचटोलीचं सांगतो. तिथे माझाही हात काळा आहे.

चिचटोलीचा तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. खाली धानाची शेतं, तलावात मासोळी आणि शिंगाडे. ढिवरांची पंचवीसेक घरं त्याच्यावर जगायची. त्यांच्या मच्छीमार संस्थेचे प्रमुख कवडूभाऊ. त्यांची नात माझ्या चौथीच्या वर्गात होती. तलावाच्या बाजूचं एक शेत शहरातल्या एका माणसानं घेतलं, अकृषक करून आणलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि कमान उभारली. 'तलावदर्शन' असं काहीसं नाव. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर नकाशा आला. मी पंधरा नंबरचा प्लॉट ठरवला आणि कागद घेऊन सायराबाईंकडे गेलो.

"चतुःसीमा सांगा मास्तर."

"पूर्वेला चौदा नंबर, पश्चिमेला सोळा, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला मोकळी जागा."

"मोकळी जागा कोनाची?"

"तिकडे तलाव आहे."

"तलाव मोकळी जागा असते? तुमी त्या गावात शिकवता ना?" त्यांनी कागद उलटा ठेवला. "तलाव भरला का पानी कुठून निंगते, ते पाहून या. मंग बसा इथी."

मी गेलो. कवडूभाऊंनी मला तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, चालत नेऊन सांडवा दाखवला, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती वाट. सांडव्यापासून निघालेला ओहोळ सरळ लेआऊटच्या मुख्य रस्त्यावर येत होता. नकाशात ओहोळ नव्हता. त्याच्या जागी 'नऊ मीटर रस्ता' लिहिलं होतं. आणि माझा पंधरा नंबर, कवडूभाऊ म्हणाले, "भादव्यात इथी आमी जाळं टाकतो, गुर्जी."

मी प्लॉट घेतला नाही. ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहिलं नाही. कशाला वाईट व्हा, असा विचार केला. माझ्याच शाळेतल्या दोघांनी तिथे प्लॉट घेतले.

सायराबाईंनी लेआऊटवाल्याचे सगळे दस्त नाकारले आणि मच्छीमारांच्या वतीनं हरकतीचा अर्ज लिहिला. सोबत पंचनामा जोडायचा होता, पाणी कुठपर्यंत येतं याचा. त्यावर त्यांना गावात रोज येणाऱ्या शिकलेल्या माणसाची सही हवी होती. त्या माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, बाई, सरकारी नोकरी आहे.

"माह्याही परवाना सरकारीच हाय मास्तर," त्या म्हणाल्या. पंचनाम्याचा कागद घडी करून घेतला आणि निघाल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अर्ज पुराव्याअभावी निकाली निघाला. महिनाभरात बाईंना नोटीस आली की आवारातल्या टेबलामुळे ये-जा करणाऱ्यांना अडथळा होतो. बाकीची चार टेबलं अडथळा नव्हती. ज्यांच्या लेकींची बक्षीसपत्रं बाईंनी लिहिली होती त्यांनी त्या तक्रारीवर सह्या केल्या, कारण लेआऊटवाल्यानं त्यांना कोपऱ्याचे प्लॉट कबूल केले होते. बाईंनी टेबल स्वतःच्या हातानं ओढत रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानाच्या पडवीत नेलं. मदतीला गेलेल्याला म्हणाल्या, "हात नको लावू. ज्याईनं हलवलं त्याईले पाहू दे."

तीन वर्षांत तिथे चौदा घरं झाली. सांडव्याची वाट भरावानं बुजली. चौथ्या वर्षी पाऊस लागून राहिला आणि तलावाचं पाणी नेहमीच्या वाटेनं निघालं, म्हणजे घरांतून. माझ्या शाळेतला एक सहकारी बायको-मुलांना घेऊन विटांवर चढवलेल्या पलंगावर बसला होता. त्याच्या बायकोला आठवा महिना होता. दुसऱ्या दिवशी ही सगळी माणसं सायराबाईंच्या पडवीत हजर. त्यातला एकजण पूर्वी म्हणाला होता की ही बाई गावाचा विकास होऊ देत नाही.

बाईंनी त्यांना आधी पोटभर ऐकवलं. मग कागद ओढला आणि लिहिलं, सांडव्याच्या वाटेवरील भराव व रस्ता काढून टाकावा.

"रस्ता काढला तर आम्ही जायचं कुठून?" सहकारी म्हणाला. "एवढंच लिहा ना, तलावाच्या पाण्याचा तातडीनं बंदोबस्त करावा."

"बंदोबस्त म्हणजे काय? असा शब्द नाई लिहत मी. त्याचा कोनी काहीही अर्थ काढते."

तेवढ्यात ती गरोदर बाई मटकन खाली बसली. तिच्या साडीचा काठ चिखलात भिजलेला होता. सायराबाईंनी तिला पाणी दिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पहिला कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. एकच ओळ लिहिली, त्यांना हवी तशी. त्यांच्या उभ्या आयुष्यात मनाविरुद्ध लिहिलेली ती एकच ओळ असावी.

आठवड्यात तालुक्याहून माती खोदायचं यंत्र आलं. पण ते लेआऊटच्या रस्त्यावर गेलंच नाही. त्यानं धानाच्या शेतांकडून तलावाची पाळ फोडली. तलाव चार दिवसांत रिकामा झाला. मरळ, रोहू चिखलात तडफडत होते, बगळे जमले होते, आणि शिंगाड्याच्या वेली उघड्या पडून काळ्या पडत होत्या. आदेशात लिहिलं होतं, 'नागरिकांच्या अर्जास अनुसरून तलावाच्या पाण्याचा बंदोबस्त करण्यात आला.'

कवडूभाऊ त्या अर्जाची नक्कल घेऊन पडवीत आले. मी तिथेच होतो. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, हे अक्षर तुमच्याच हातचं ना?"

सायराबाई हो म्हणाल्या.

कवडूभाऊंनी नक्कल परत उचलली नाही. ती तिथेच ठेवून ते निघून गेले. बाईंनी त्या दिवशी कुणाचंच काम केलं नाही. मी समजूत घालायला गेलो, की तुमचा हेतू तसा नव्हता. त्या माझ्यावर उसळल्या.

"हेतूचं काय घेऊन बसले मास्तर. हेतू नोंदवते का कोनी? ओळ नोंदवते. पंचवीस घरं उपाशी पडली माह्या एका ओळीनं, आन एक तुमी सही नाई केली त्यानं. दोघंही चांगल्या हेतूचे."

मी पडवीतून उतरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःविरुद्ध प्रतिज्ञापत्र लिहिलं. मी दस्तलेखक असून मोघम शब्द लिहिला, त्याचा गैरअर्थ काढून पाळ फोडली गेली, माझ्या चुकीची शिक्षा मला द्यावी, परंतु तलावाची सरकारी मोजणी करून हद्द कायम करावी आणि पाळ बांधावी. हे घेऊन त्या कचेरीत गेल्या, मग जिल्ह्याला गेल्या, मग परत कचेरीत. साहेब बदलले, त्या बदललेल्या साहेबापुढे जाऊन पहिल्यापासून वाचायच्या. एका साहेबानं म्हटलं, आजी, ठेवून जा, मी वाचतो. त्या म्हणाल्या, "तुमी वाचसाल तर मधलं सोडसाल. मी वाचतो, तुमी आइका." परवान्याचं नूतनीकरण अडवलं गेलं. पडवीत लोक येईनासे झाले, आले तर नव्या लेआऊटचं विचारायला, आणि त्यांना बाई हाकलून द्यायच्या. ढिवरांची तरणी माणसं तेलंगणात मिरची तोडायला गेली. माझ्या वर्गातून कवडूभाऊंची नात आईबापासोबत गेली आणि हजेरीत तिच्या नावापुढे रेघ आली.

दीड वर्षानं मोजणीचा हुकूम निघाला. मोजणीत अकरा प्लॉट तलावाच्या हद्दीत निघाले, माझा हुकलेला पंधरा नंबर त्यातलाच. पाळ बांधायचा आदेश झाला. पण त्या पौषात सायराबाई न्यूमोनियानं गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात पाळ बांधली गेली, सांडव्याचा भराव निघाला, आणि पावसाळ्यानंतर तलावात पाणी टिकलं. सगळी माणसं काही परतली नाहीत. कवडूभाऊंची नात आता दुसऱ्याच शाळेत शिकते. ज्यांची घरं हद्दीत आली ते कोर्टात भांडत आहेत. लेआऊटवाल्याला काही झालं नाही. पोंभुर्ण्याच्या रस्त्याला त्याची नवी कमान मी मागच्या महिन्यात पाहिली. खाली प्लॉट पाहायला आलेल्या चौघांच्या मोटारसायकली उभ्या होत्या. मी थांबलो, आणि त्या चौघांना तिथली मोकळी जागा कोणाची आहे असं विचारलं. त्यांनी मला वेडा समजून वाट दिली.

सायराबाईंना मी शेवटचं पाहिलं ते मोजणीच्या दिवशी. सकाळची वेळ, थंडी होती. तलावात पाणी नव्हतं, पण मधला गाळ अजून ओला होता. पंच म्हणून त्या वेळी माझी सही होती. मी कुणी विचारायच्या आत केली होती. मोजणीदार पहिली खुंटी काठावरच ठोकायला सांगत होता; नकाशात ती, जिथून पुढची सगळी अंतरं मोजायची, आणखी दहा-बारा पावलं आत होती. कोणी चिखलात उतरेना. सायराबाई उतरल्या. साडी खोचून, नकाशाची नक्कल डोक्यावर धरून, एकेक पाऊल उपसत त्या त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. पासष्टी उलटलेली बाई, खोकला लागलेला.

"बाई, बाहेर या, आम्ही ठोकतो," मोजणीदार म्हणाला.

"तुमी कुठी ठोकता ते मले माहीत हाय. मी इथीच उभी राह्यतो. माह्या पायाजवळ ठोका."

शेवटी कवडूभाऊच खुंटी घेऊन उतरले. ठोकून झाल्यावर बाईंनी ती हलवून पाहिली आणि आणखी दोन घाव घालायला लावले. मग निघायला गेल्या तर एक चप्पल गाळात रुतून बसली. मी ती काढायला वाकलो.

"चपलीले राहू द्या मास्तर," त्या करवादल्या. "दुसरी खुंटी कुठी हाय, ते पहा."

आणि मोजणीदाराची वाट न पाहता त्या पुढे निघाल्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय गुडघ्यापर्यंत काळा, आणि तोंडानं त्या सगळ्या कचेरीचा उद्धार चालू.